दिनविशेष : ४ ऑक्टोबर – संगीतसूर्याचे गुरुऋण

पेठ वडगाव : टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ८ जुलै रोजी झालेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या संयुक्त प्रयोगाला पुरते तीन महिनेही लोटले नव्हते, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी करवीरभूमीचे सुपुत्र व ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे चालक ‘संगीतसूर्य’ केशवराव भोसले अवघ्या ३१ वर्षांचे आयुष्य संपवून पुण्यात निवर्तले.

मंडळीचा कारभार त्यांचे शिष्य बापूराव पेंढारकरांनी शिरावर घेतला, ‘सत्तेचे गुलाम’सारखे कालोचित नाटक रंगभूमीवर आणले आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीही, केशवरावांशी रक्ताचे नाते नसता, तेच व्रत चालविले. गुरुऋण फेडण्याची, आमच्या मते, हीच अस्सल रीत. केशवरावांचे नाव धारण करणारे कोल्हापुरातील नाट्यगृह त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा हळहळ पंचक्रोशीत घरोघरी उमटली, ती आप्तस्वकीयाच्या वियोगासारखीच.