डुक्कर कुणाचं? एका अल्बमची आणि न छापलेल्या मजकुराची गोष्ट

आज जरा वेगळा विषय. पण शेवटपर्यंत वाचा, आपल्या नेहमीच्या विषयावरच येणार आहे.

१९७६ चं इंग्लंड आठवा. आदल्या वर्षी महागाई २४ टक्क्यांवर गेलेली. सप्टेंबरात सरकारला आयएमएफकडे ३९० कोटी डॉलरचं कर्ज मागायची वेळ आली. एकेकाळी साम्राज्य चालवणारा देश हात पसरून उभा! त्याच वर्षी लंडनच्या इस्लिंग्टन भागात, ब्रिटानिया रो नावाच्या स्वतःच्या स्टुडिओत पिंक फ्लॉइडची मंडळी एक अल्बम रेकॉर्ड करत होती. जानेवारी १९७७ मध्ये तो बाजारात आला. नाव 'ॲनिमल्स'.

ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'वरून सुचलेली कल्पना. ऑर्वेलचा रोख स्टालिनच्या रशियावर होता, रॉजर वॉटर्सने तो भांडवलशाहीकडे वळवला. लचके तोडणारे कुत्रे, नीतीचे धडे देणारी डुकरं आणि मुकाट चालणारी मेंढरं. टीव्हीवरच्या 'अश्लीलते'विरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाऊस यांचं तर गाण्यात थेट नावच घेतलंय. एकूण गाणी पाच. त्यातलं 'डॉग्स' एकटंच सतरा मिनिटांचं.

कव्हरवर बॅटरसीचं वीजकेंद्र आणि दोन धुराड्यांमध्ये तरंगणारं डुक्कर. त्याची गंमत ऐका. ३ डिसेंबर १९७६ ला हे हवा भरलेलं अवाढव्य डुक्कर दोर तोडून उडालं. हीथ्रोच्या विमानांची पंचाईत झाली आणि स्वारी शेवटी केंट परगण्यातल्या एका शेतात उतरली. आदल्या दिवशी गरज पडली तर डुक्कर पाडायला नेमबाज ठेवला होता, नेमका त्या दिवशी नव्हता! मग छापलेलं कव्हर कसं तयार झालं? पहिल्या दिवसाचं ढगाळ आकाश आणि नंतरच्या दिवसाचं डुक्कर, दोन्ही जोडून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अल्बम १९९४ आणि २०११ ला रीमास्टर झाला. पण २०१८ मध्ये जेम्स गथ्री यांनी केला तो रीमिक्स. दोन्हींत फरक काय? रीमास्टर म्हणजे झालेली भाजी पुन्हा गरम करून मीठ-तिखट सारखं करणं. रीमिक्स म्हणजे त्याच चिरलेल्या भाजीला पुन्हा पहिल्यापासून फोडणी देणं.

इथे ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक गट म्हणतो, शेवटी एकदाचे ड्रम्स मोकळे झाले, बेस ऐकू येतो, रिक राइटची कीबोर्ड वर आली. राइटचं नाव या अल्बमच्या एकाही गाण्यावर नाही, त्यामुळे त्याचं काम आता नीट ऐकू येणं हा एका परीने न्यायच. दुसरा गट म्हणतो, तो जुना गढूळ, कोंदट आवाज हाच १९७६ चा आवाज होता. खिडकी पुसलीत, पण बाहेरचं धुकंही पुसलंत! 'मुघल-ए-आझम' रंगीत करून आणला तेव्हा आपल्याकडेही असाच वाद झाला असेल घराघरात.

दोन्ही बाजू मला पटतात. पण 'मूळ तेच खरं' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की मूळ कव्हरसुद्धा जोडकामच होतं. आणि मूळ तरी कुठलं? त्या काळच्या आठ ट्रॅक टेपच्या आवृत्तीत पहिलं आणि शेवटचं गाणं जोडणारा स्नोई व्हाइटचा गिटारचा तुकडा होता. तो एलपीवर कधीच नव्हता.

आता खरा मुद्दा. २०१८ ला तयार झालेला रीमिक्स लोकांच्या हातात पडला सप्टेंबर २०२२ मध्ये. चार वर्षं अडला तो आवाजावरून नाही, सोबतच्या माहितीपर मजकुरावरून. मार्क ब्लेक या लेखकाने तो लिहिला होता. वॉटर्सने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं की मजकुरातली तथ्यं डेव्हिड गिलमोरला अमान्य नाहीत, तरी तो छापायला त्याचा नकार आहे. ही अर्थातच वॉटर्सची बाजू. शेवटी मजकूर वगळून अल्बम काढायचं ठरलं आणि वॉटर्सने तो मजकूर स्वतःच्या वेबसाइटवर टाकून दिला.

म्हणजे बघा, सत्ता आणि ढोंगावरचा अल्बम, आणि त्याचाच इतिहास कुणाच्या नावे लिहायचा यावर पंचेचाळीस वर्षांनी भांडण. डुक्कर कुणाला सुचलं, हाही त्यातलाच एक मुद्दा. दरम्यान १९८३ ला बंद पडलेलं ते वीजकेंद्र रीमिक्सनंतर महिन्याभरातच मॉल आणि महागडे फ्लॅट होऊन उघडलं. नव्या कव्हरवर धुराड्यांच्या बाजूला क्रेन दिसतात. निदान ते कव्हर तरी प्रामाणिक आहे.

माझं म्हणणं साधं आहे. इतिहासाला नवी फोडणी खुशाल द्या. जुनं पातेलं मात्र फेकू नका, आणि कुणी काय शिजवलं ते लिहिलेला कागद लपवू नका. गाण्यांना लागू आहे ते गावाच्या, पक्षाच्या आणि देशाच्या इतिहासालाही लागू आहे. दोन्ही आवृत्त्या समोर असल्या की ऐकणारा आपलं आपण ठरवतो. मेंढरांना तेवढी अक्कल असते.

तुम्ही दोन्ही ऐकल्यात का? कुठली आवडली, कमेंटमध्ये सांगा. भांडा, पण प्रेमाने.