बेबी नाझ : चेहरा आणि आवाज

'बूट पॉलिश' (१९५४) म्हटले की चर्चा बहुधा निर्माते राज कपूर यांच्याकडे वळते. दिग्दर्शक प्रकाश अरोरा यांचे नावही मागे पडते. आम्हांला मात्र बेलूपाशी थांबावेसे वाटते. भीक मागू नये, कष्ट करून खावे, हा जॉनचाचांचा धडा भोला आणि बेलू गिरवतात. बेलू साकारणारी बेबी नाझ तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. कॅमेऱ्यापुढचे तिचे हसणे-रडणे हेही पोटासाठीचे कष्टच होते. त्याकडे चित्रपटाचे लक्ष नाही. १९५५ साली कान महोत्सवात तिच्या अभिनयाचा विशेष गौरव झाला. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'देवदास'मध्ये ती लहानगी पारो झाली, तर 'कागज के फूल' (१९५९) मध्ये दुभंगलेल्या घरातली पम्मी.

पुढे वाट्याला आल्या त्या बहुतांशी दुय्यम भूमिका. 'बेबी' हे बिरुद नावापुढून गळते, प्रेक्षकांच्या मनातून सहसा नाही.

ऐंशीच्या दशकात श्रीदेवी हिंदीत आली, तेव्हा तिच्या कित्येक चित्रपटांतले संवाद नाझने म्हटले. 'महल'च्या (१९४९) तबकडीवर लताबाईंऐवजी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले गेले, ही हकिकत आपण आजही सांगतो. गाणारी कोण, हे आपण विचारतो. बोलणारी कोण, हा प्रश्न मात्र आपल्याला सुचत नाही. त्या नायिकांचा खट्याळपणा, रुसवा यांचे विश्लेषण करणाऱ्याने त्यातले नाझचे किती, हे आधी ठरवायला हवे.

'चांदनी'त (१९८९) श्रीदेवी स्वतःच्या आवाजात बोलली. नाझ १९९५ साली गेली.