एका डब्याची आणि एका ब्लॉकचेनची गोष्ट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, सगळीकडे ब्लॉकचेन आणायचं हेच ध्येय का ठेवू नये?" खरं सांगू? २०१८ साली मीही हेच म्हणत होतो. माझं मत बदललं ते जहाजांच्या इतिहासामुळे.

२०१४ मध्ये मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने केनियातून नेदरलँड्सला जाणाऱ्या गुलाब-अव्होकाडोच्या कंटेनरचा माग काढला. एका खेपेत तीसेक माणसं आणि संस्था, दोनशेच्या वर निरोप आणि कागद. म्हणजे दुखणं खरं होतं. त्यावर औषध म्हणून २०१८ मध्ये मर्स्क आणि आयबीएमने 'ट्रेडलेन्स' आणलं. ब्लॉकचेनवरची सामाईक वही, मागची नोंद कुणी गुपचूप खोडू शकणार नाही अशी. एमएससी, सीएमए सीजीएमसारखे स्पर्धक आलेसुद्धा. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. उद्योगाचं पुरेसं सहकार्य मिळालं नाही, हे कारण. वही सामाईक, पण मालकीत आपलाच प्रतिस्पर्धी, ही शंका सुरुवातीपासून होतीच. ती तंत्रज्ञानाने कशी जाणार?

आता थोडं मागे जाऊ. २६ एप्रिल १९५६. अमेरिकेतल्या माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याचं 'आयडियल एक्स' जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. मॅक्लीनना डब्याचा प्रचार करायचा नव्हता, खर्च वाचवायचा होता. सुटा माल चढवायला टनामागे ५.८६ डॉलर लागायचे, कंटेनरमुळे ते १६ सेंटवर आले. पुढे आंतरराष्ट्रीय मापं ठरताना त्यांनी आपली पेटंटं इतरांना खुली केली. म्हणून आज न्हावा शेवाला आलेला कंटेनर कुठल्याही कंपनीच्या जहाजावर चढू शकतो.

काहीजण म्हणतात, सगळे आल्याशिवाय फायदा दिसत नाही, म्हणून आधी प्रसार करा. पण डब्याचा फायदा पहिल्याच फेरीत दिसला होता, बाकीचे नंतर आले.

म्हणून माझं मत असं, की प्रसार हे ध्येय नको. एकमेकांवर भरवसा नसलेल्यांना एकच वही हवी असेल आणि ती कुणा एकाच्या हाती द्यायची नसेल, तर ब्लॉकचेन जरूर वापरा. पण आधी विचारा: नेमकं अडलंय काय? साध्या डेटाबेसने भागेल का? आणि वहीवर ताबा कुणाचा?

तुमच्या कामात असं काय अडलंय, कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या भागात!