आंबेनळी आणि रडतोंडी

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आमचा रस्ता जेमतेम चाळीस किलोमीटरचा. मेटतळे, मग वाडा कुंभरोशी. तिथून आमच्या पारला आत वळायचं. मुंबईचा गव्हर्नर फिट्झगेराल्ड (१८६७ ते १८७२) याचं नाव साहेबानं घाटाला दिलं, पण गावच्या जिभेवर ते बसलंच नाही. आमची आपली आंबेनळी.

त्याआधी कोकणात जायचं ते पार घाटानं. महाबळेश्वरावरून रडतोंडीनं उतरायचं, पारला कोयना ओलांडायची. १६५९ साली अफझलखान ह्याच वाटेनं खाली आला. पारचा शिवकालीन दगडी पूल अजून उभा आहे. आजी सांगायची, रडतोंडी चढताना पोरंच काय, बाप्येसुद्धा रडायचे. गाडीरस्ता झाला नि वाट करवंदीनं गिळली.

२०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आंबेनळी जागोजागी तुटली. चुलत्यांच्या साखरेच्या गोळ्या संपलेल्या. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "रडतोंडीनं जावा की रं!" आता ती सुरू कुठनं होते, हे घरात त्यांनाच ठाऊक. ओट्याखालच्या चिखलात त्यांनी काठीनं वाट काढून दाखवली. धाकटा भाऊ कोयता घेऊन निघाला, दुसऱ्या दिवशी गोळ्या घेऊन परतला.

घाट दुरुस्त झाला, गाड्या धावतात. तरी दिवाळी झाली की आम्ही जुनी वाट साफ करायला जातो. चुलत्यांना चालवत नाही. ते पुलापर्यंत येतात आणि मागनं ओरडतात, "आंब्याच्या डावीकडनं रं!"