जागल, शेगडी आणि बर्फातले घर

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यातल्या बांध्यांमधून धानाचे पुंजणे उभे राहतात. मळणी होईपर्यंत त्यांची राखण करावी लागते, म्हणून घरातले कोणी ना कोणी रात्री जागलीला जाते. जागलीचे सामान ठरलेले असते. घोंगडी, काठी, पूर्वी कंदील आणि आता बॅटरी, फडक्यात बांधलेली शिदोरी. अंथरायला तणीस तिथेच मिळते. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा शेकोटी पेटते. पण ती खोपडीच्या बाहेर.

ती आत का नाही, असे आम्ही एकदा सातवीच्या वर्गात विचारले. "तणीस पेटेल," हे उत्तर लगेच आले, आणि ते बरोबरच होते. मग आम्ही पुढे विचारले, खोली विटांची असेल, पेटण्यासारखे काही नसेल, तर शेगडी आत घेऊन दार लावायला काय हरकत आहे? वर्गाला यात काहीच हरकत दिसली नाही. खरे सांगायचे तर आमच्या विद्यार्थिदशेत आम्हालाही दिसली नव्हती. तिघांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रे कोंबून आम्ही झोपलो होतो. सकाळी तिघांचीही डोकी ठणकत होती, एकाला उलटी झाली. दोष आम्ही आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीला दिला.

हाच प्रसंग चारशे वर्षांपूर्वी, फार मोठ्या थंडीत, एका घरात घडून गेला आहे. त्याची तारीखवार नोंदही आहे.

आशियाकडे जाणारा उत्तरेकडचा जलमार्ग शोधायला निघालेले विलेम बॅरेंट्स यांचे डच जहाज १५९६ च्या ऑगस्टमध्ये नोवाया झेमल्या बेटाजवळ बर्फात अडकले. जहाजावर सतरा माणसे होती. हिवाळा तिथेच काढायचा ठरले. वाहून आलेले ओंडके आणि जहाजाच्या फळ्या वापरून त्यांनी किनाऱ्यावर घर बांधले. ते पुरे होण्याआधीच त्यांचा सुतार मरण पावला. जहाजातले सामान ओढून घरात आणले. त्यात घड्याळ होते, ते थंडीने बंद पडले, मग वाळूच्या घड्याळावर वेळ मोजू लागले. पिंपातले पेय गोठले. निजताना दगड तापवून पायाशी घेत. हे सारे त्यांच्यातल्या गेरिट द वेर याने लिहून ठेवले आहे.

७ डिसेंबर १५९६ ची त्याची नोंद शिक्षकांनी मुद्दाम वर्गात सांगावी अशी आहे. लाकडाची ऊब पुरेना, म्हणून त्या दिवशी जहाजातून दगडी कोळसा आणला. जाळ छान झाला. इतक्या दिवसांनी मिळालेली ऊब निसटू नये, म्हणून त्यांनी दारे आणि धुराडेही बंद केले आणि गप्पा मारत आडवे झाले. थोड्या वेळाने एका आजारी माणसाला ते सोसेना. मग सगळ्यांनाच घेरी येऊ लागली. ज्यांच्यात बळ उरले होते त्यांनी आधी धुराडे उघडले, नंतर दार. दार उघडणारा बाहेर बर्फावरच बेशुद्ध पडला. द वेर दाराजवळ निजला होता. तो धावला आणि त्याने तोंडावर शिरका शिंपडून त्याला शुद्धीवर आणले. ज्या थंडीला ते इतके दिवस शत्रू मानत होते, तिच्याच झोताने त्यांना वाचवले.

कशाने घेरी आली हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. कोळशाला जळताना पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूची घडण १८०० साली विल्यम क्रुइकशँक यांनी ओळखली. तो रक्ताला कसा निकामी करतो हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८५० च्या दशकात दाखवले. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातली जागा अडवत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निघाला तर माणूस खोकून जागा तरी होतो; धूर नसलेला लालबुंद निखारा जास्त फसवतो. आणखी एक गैरसमज मुलांमध्ये आढळतो, की हा वायू वर राहतो, जमिनीलगत निजले की भीती नाही. त्याचे वजन जवळजवळ हवेइतकेच असते. तो खोलीभर पसरतो.

कारण कळले म्हणजे अपघात थांबले, असे मात्र झाले नाही. अमेरिकेचे रिचर्ड बर्ड १९३४ च्या मार्चअखेर अंटार्क्टिकातल्या एका बर्फात पुरलेल्या खोलीत हवामानाच्या नोंदी घ्यायला एकटे राहिले. मुख्य तळ सुमारे दोनशे किलोमीटर दूर होता. आधी तिघांनी राहायचे ठरले होते, पण सामान पोचवायला उशीर झाला आणि तेवढा साठा होईना. महिनोन् महिने पुरेल असे अन्न आणि इंधन नेले. सामान लावताना लक्षात आले की गजराचे घड्याळ आणि पाककृतींचे पुस्तक सापडत नाही. ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी होती. धुराड्याच्या सांध्यांतली गळती तशी नव्हती. हवेच्या नळ्यांत बर्फ धरू लागले आणि ३१ मे रोजी वायरलेसच्या जनित्राच्या धुराने बर्ड कोसळले. पुढचे दोन महिने त्यांच्यापुढे एकच हिशोब होता: चूल पेटवावी तर विष, विझवावी तर गारठा. ते बराच वेळ चूल बंद ठेवून गोठत पडून राहत. त्यांचे संदेश विस्कळीत येऊ लागले तेव्हा तळावरच्यांना शंका आली, आणि ऑगस्टमध्ये तिघे सहकारी भर अंधारात त्यांच्यापर्यंत पोचले.

आपल्या देशाने असे घर बांधले ते १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत. डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून जहाज निघाले. या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंतही होत्या. 'दक्षिण गंगोत्री' उभे करून बाकीचे परतले आणि १९८४ चा हिवाळा बारा जणांनी तिथे काढला. जहाज गेल्यावर विसरलेली वस्तू मागवायची सोय नव्हती. हे घर हिमफलकावर होते. बर्फ साचत साचत ते गाडले जाऊ लागले, म्हणून पुढचे 'मैत्री' खडकावर, खांबांवर उचलून बांधले. १९९० च्या जानेवारीत नवव्या मोहिमेतले चार जण तंबूत कार्बन मोनॉक्साइडने दगावले. अंटार्क्टिकात तेव्हा उन्हाळा होता.

त्या सातवीच्या वर्गाला आम्ही नंतर एक काम दिले. बर्फातले घर सहा महिने राखायचे आहे, सामानाची यादी करा. स्वेटर, तूरडाळ, रॉकेल, औषधे, पत्ते असे बरेच काही आले. फळ्यावर यादी लिहून झाल्यावर आम्ही बॅरेंट्सच्या घरातली ती रात्र सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, तिचे आजोबा खोपडीत दाराकडे डोके करून निजतात. का, ते तिला माहीत नव्हते. घरी जाऊन विचारते म्हणाली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "पुंजण्यावर नजर राहावी म्हणून."