साप अन्न का नाकारतो? पिंजऱ्यातील एका नकाराचा इतिहास

१/ सन १८५१. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात एका मोठ्या बोआने पिंजऱ्यातील लोकरी ब्लँकेट गिळले. महिन्याहून अधिक काळ ते त्याच्या पोटात राहिले आणि अखेर त्याने ते ओकून टाकले. बोआ जिवंत राहिला. ब्लँकेटची कथा मात्र पुढे कित्येक दशके प्राणिशास्त्राच्या लोकप्रिय पुस्तकांतून फिरत राहिली.

२/ ब्लँकेट गिळणारा हाच प्राणी समोर ठेवलेले ताजे, पौष्टिक भक्ष्य आठवडेच्या आठवडे नाकारू शकतो. विशेषतः अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू. युरोप-अमेरिकेत हौसेने साप पाळणाऱ्यांपुढे आजही सर्वाधिक वेळा उभा राहणारा प्रश्न हाच आहे: पिल्लू खात नाही, काय करावे? या प्रश्नाला सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचाच हा थ्रेड.

३/ जगातील पहिले सर्पगृह याच लंडनच्या संग्रहालयात १८४९ मध्ये उघडले. उष्ण कटिबंधातील सापांना इंग्लंडच्या थंडीत जगवायचे कसे, याचे शास्त्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. म्हणून रक्षक सापांना ब्लँकेट देत. माणसाला ब्लँकेटची ऊब मिळते, कारण ती त्याच्या स्वतःच्या शरीराची असते. साप स्वतः फारशी उष्णता निर्माण करत नाही. त्याला ब्लँकेट देणे म्हणजे विझलेल्या चुलीवर झाकण ठेवणे. पण ही गोष्ट पुरती उमगायला बराच काळ जावा लागला.

४/ सापांना जिवंत ससे, गिनीपिग व पक्षी घातले जात आणि ते पाहायला प्रेक्षकांची गर्दी होई. चार्ल्स डिकन्स यांनी असे एक भोजन पाहिले आणि एका पत्रात त्याविषयी आपली किळस नोंदवली. या क्रौर्याविरुद्ध पुढे आवाज उठू लागले. त्यावर रक्षकांचे उत्तर ठरलेले असे: साप स्वतः मारलेलेच खातो, मेलेल्याला तोंड लावत नाही. आणि जिवंत भक्ष्यही नाकारणारा साप? तो हट्टी, रुसलेला किंवा आजारी समजला जाई.

५/ हा नकार केवळ गैरसोयीचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर माणसांचे प्राण अवलंबून राहू लागले. फ्रेंच वैद्य अल्बेर काल्मेत १८९१ मध्ये सायगावला गेला. तेथील एका गावात पुरामुळे नाग घरांत शिरले आणि अनेकांना दंश झाला. त्या गावाहून पिंपात भरून आलेल्या नागांवर त्याचे संशोधन सुरू झाले आणि काही वर्षांतच त्यातून सर्पविषावरील प्रतिविष सिद्ध झाले. प्रतिविषासाठी विष हवे, विषासाठी जिवंत साप हवेत, आणि कैदेतील विषारी साप तर खाण्यास नकार देत.

६/ काल्मेतने मार्ग काढला तो सक्तीचा. सापाची मान पकडायची, जबडा उघडायचा, अन्ननलिकेत नळी घालायची आणि नरसाळ्यातून कोंबडीची अंडी आत सोडायची. विषविज्ञानावरील त्याच्या १९०७ च्या ग्रंथात या कृतीची पायरीपायरीने चित्रे आहेत. ती पाहताना अंगावर काटा येतो. पण त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला शेतात दंश झालेला एखादा शेतमजूर होता, हेही विसरता येत नाही.

७/ येथे थोडे विषयांतर. चेन्नईजवळ १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुळा सर्पग्राहकांच्या सहकारी संस्थेने याच कोड्याचे निराळेच उत्तर शोधले. पकडलेला साप मातीच्या मडक्यात काही आठवडेच ठेवायचा, ठरावीक वेळा विष काढायचे आणि त्याला पुन्हा रानात सोडून द्यायचे. दीर्घकाळ पोसण्याचा प्रश्न मुळातच टाळायचा. पिढ्यान्‌पिढ्या सापांच्या मागावर हिंडलेल्या समाजाला हे सुचावे, यात नवल नाही.

८/ पुन्हा विसाव्या शतकाच्या आरंभाकडे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात १८९९ पासून सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग रेमंड डिटमार्स यांच्याकडे होता. मुलगा असल्यापासून घराच्या माळ्यावर साप पाळणारा हा माणूस. संग्रहालयाच्या सर्पविभागाचा पाया त्याच्याच खासगी संग्रहाने घातला. तेथे एका प्रचंड अजगराने अन्नत्याग केला, तेव्हा अनेक माणसांनी त्याला सरळ धरून ठेवले आणि एकापाठोपाठ बांधलेले मेलेले ससे बांबूच्या साहाय्याने त्याच्या घशाखाली उतरवले.

९/ हे दृश्य छायाचित्रांसाठी उत्तम होते, सापासाठी नव्हे. बळजबरीने भरवलेला साप बहुधा ते अन्न ओकून टाकतो. झटापटीत शक्ती खर्च होते ती वेगळीच. प्रचंड अजगर हे सोसू शकतो. पेन्सिलीएवढ्या पिल्लाचा जबडा आणि अन्ननलिका मात्र इतकी नाजूक असते की उपायच जीवघेणा ठरावा. सक्तीचे तंत्र पिल्लांपाशी येऊन थांबले ते यामुळे.

१०/ पहिली मोठी कलाटणी मिळाली १९०७ मध्ये आणि तीही लंडनमध्येच. संग्रहालयाचे सचिव पीटर चाल्मर्स मिचेल आणि अधीक्षक रेजिनाल्ड पोकॉक यांनी बंदिवासातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आहारावर एक निबंध प्रसिद्ध केला. निष्कर्ष साधा होता: बहुतेक साप मेलेले भक्ष्य निमूटपणे खातात. रक्षक ज्याला निसर्गनियम म्हणत होते, ती केवळ जुनी समजूत निघाली. कोणी पुरेशा चिकाटीने मेलेला उंदीर देऊन पाहिलेच नव्हते.

११/ याच निबंधात आणखी एक गमतीदार परीक्षा आहे. सापाला पाहून इतर प्राणी भीतीने गोठतात काय? ससे, उंदीर यांसारख्या बहुतेकांना त्याचे सोयरसुतकही नव्हते. घाबरली ती माकडे. सापाची सर्वाधिक धास्ती घेणारे कुळ आपलेच आहे, हे मिचेल-पोकॉक यांनी किती हळुवारपणे सांगितले! सापाच्या ‘हट्टा’विषयीची मते याच घाबरट कुळाने बनवलेली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

१२/ दुसरी कलाटणी उष्णतेची. १९२३ मध्ये लंडनच्या सर्पविभागाची सूत्रे जोन प्रॉक्टर यांच्याकडे आली. वय पंचविशीचे, प्रकृती कायमची नाजूक. शाळेत असताना पाळलेली छोटी मगर घेऊन त्या गणिताच्या वर्गात गेल्याचे सांगतात. १९२७ मध्ये उघडलेल्या नव्या सर्पगृहाची आखणी त्यांची. त्यात विजेच्या साहाय्याने निरनिराळ्या भागांत निरनिराळी उष्णता राखण्याची सोय होती. ब्लँकेटचे युग संपले.

१३/ १९४४ मध्ये रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरड्या-सापांच्या अभ्यासातून यामागचे तत्त्व स्पष्ट केले. हे प्राणी ऊन व सावली यांत ये-जा करून आपले तापमान मोठ्या काटेकोरपणे राखतात. थंड पडलेल्या सापाची पचनक्रिया मंदावते. पोटातले भक्ष्य पचण्याऐवजी कुजू लागते. अशा वेळी न खाणे हाच शहाणपणा. अर्ध्याअधिक ‘हट्टी’ सापांना हवे होते ते अन्न नव्हे, ऊब.

१४/ तरीही पिल्लाचे कोडे उरलेच. पेटी उबदार, उंदीर ताजा, पिल्लू निरोगी. आणि पिल्लू ढुंकूनही पाहत नाही. येथे आधी एक गोष्ट सांगायला हवी. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दीड आठवडा, बहुतेक पिल्ले काही खात नाहीत. घाबरलेला मालक नेमका याच दिवसांत त्याला रोज हाताळतो आणि रोज नवा उंदीर दाखवतो.

१५/ त्यानंतरच्या नकाराचे उत्तर सापाच्या जिभेत होते. डेन्मार्कचा शल्यवैद्य लुडविग जॅकबसन याने १८१३ मध्ये प्राण्यांच्या नाकाजवळील एका गंधेंद्रियाचे वर्णन केले. सापांत हे इंद्रिय टाळूत असते. दुभंगलेली जीभ हवेतील व जमिनीवरील गंधकण टिपते आणि या इंद्रियापर्यंत पोहोचवते. जिभल्या चाटणारा साप धमकी देत नसतो. तो वास घेत असतो.

१६/ १९६० च्या दशकात अमेरिकेत गॉर्डन बर्गहार्ट या तरुण संशोधकाने या जिभेलाच प्रश्न विचारला. त्याने नुकतीच जन्मलेली, एकदाही न जेवलेली सापाची पिल्ले घेतली. गांडूळ, मासा, कीटक यांना कोमट पाण्यात बुडवून त्यांचा वास त्या पाण्यात उतरवला, त्यात कापसाचा बोळा भिजवला आणि पिल्लासमोर धरला. मग जीभ किती वेळा बाहेर येते ते मोजले.

१७/ पिल्लांनी कापसावर हल्ला केला! तोही कोणत्याही बोळ्यावर नव्हे. झिंग्यासारख्या क्रेफिशवर जगणाऱ्या जातीची पिल्ले क्रेफिशच्या वासाला भुलली, कीटकभक्षक जातीची रातकिड्याच्या वासाला. आईने शिकवले नव्हते, अनुभव नव्हता. अन्न कशाला म्हणायचे, हे ती जन्मतःच घेऊन आली होती. १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. १८५१ च्या त्या ब्लँकेटलाही बहुधा सशाचाच वास लागलेला असावा.

१८/ स्टीव्हन अर्नॉल्डने १९७० च्या दशकात याच्या पुढचे पाऊल टाकले. कॅलिफोर्नियात एकाच जातीचे गार्टर साप किनाऱ्यावरही राहतात आणि अंतर्भागातील डोंगरी सरोवरांकाठीही. किनाऱ्यावरील साप बिनशंखाच्या गोगलगायींवर जगतात. अंतर्भागात त्या नाहीत, तेथे साप मासे व बेडूक खातात. अर्नॉल्डने दोन्हीकडील माद्यांची पिल्ले प्रयोगशाळेत जन्मू दिली आणि सर्वांना गोगलगायीचे तुकडे दिले. किनारी पिल्लांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिल्लांनी ते खाल्ले. अंतर्भागातील जेमतेम एक-तृतीयांश पिल्लांनी.

१९/ त्याला कारणही सापडले. ज्या पिल्लाला गोगलगाय अन्न वाटते, त्याला जळूही अन्न वाटते. अंतर्भागातील पाण्यात जळवा आहेत आणि गिळलेली जळू सापाला आतून इजा करू शकते. म्हणून तेथे तो वास नाकारणारेच अधिक टिकले असावेत, असे अर्नॉल्डचे अनुमान आहे. रक्षक ज्याला हट्ट म्हणत होते, त्यामागे पूर्वजांच्या अगणित पिढ्यांचे जगणे-मरणे उभे होते.

२०/ आता आपल्याकडची दुधाची वाटी. कोणत्याही सापाच्या या वारशात दूध नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतील नाग दूध पिताना दिसे, तो तहानेने. कित्येक दिवस पाणी न मिळालेला साप समोर येईल तो द्रव पितो. मग ते दूध त्याला पचत नाही. अनेकदा त्याचे दातही उपटलेले असत, त्यामुळे पुढे शिकार करण्याची आशा नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे साप पकडून बाळगणे गुन्हा ठरवले आहे. हौस म्हणून रानातला साप घरी आणणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

२१/ परदेशी सर्पपालकांनी बर्गहार्टचा धडा हळूहळू व्यवहारात आणला. किंगस्नेकच्या काही जातींची पिल्ले रानात सरडे खातात. त्यांच्यासाठी उंदराचे डोळेही न उघडलेले मेलेले पिल्लू धुऊन त्याचा मूळ वास घालवतात आणि त्यावर सरडा घासतात. सापाला सरडा ‘दिसतो’, पोटात जातो तो उंदीर. दर खेपेस सरड्याचा वास कमी करत नेला की काही आठवड्यांत पिल्लू साध्या उंदरावर येते.

२२/ पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन तर उपोषणासाठी प्रसिद्धच. घाना, टोगो, बेनिन या देशांतून हे लहान अजगर मोठ्या संख्येने परदेशी गेले आणि तेथे महिनोन्‌महिने उपाशी बसले. मायदेशी ते उंदरांच्या बिळांत व वाळवीच्या वारुळांत राहतात, तेथील रानटी उंदीर खातात. त्यांना मिळाली होती चहूबाजूंनी उघडी काचपेटी आणि युरोपात माणसाळलेल्या उंदराचा पांढरा वंशज. दोन्ही त्यांच्या लेखी परकेच.

२३/ म्हणून आज अनुभवी पालक न खाणाऱ्या पिल्लाला प्रथम एकटे सोडतात. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी थंड. अंग चारही बाजूंनी टेकेल एवढी चिंचोळी लपायची जागा. हाताळणे पूर्ण बंद. आठवड्याने वासाचा प्रयोग. तोही फसला तर छोट्या अंधाऱ्या डबीत पिल्लू आणि मेलेला उंदीर रात्रभर एकत्र ठेवतात. काल्मेतची नळी अजून आहे, पण ती यादीत शेवटी, सरत आलेल्या जिवासाठी आणि पशुवैद्याच्या हाती. डबीचे झाकण लावले की दिवा मालवून खोलीबाहेर पडायचे. सकाळपर्यंत डोकावायचे नाही.