लाखेच्या बांगड्या आणि नागऱ्याची जत्रा

गोंदियाजवळच्या नागऱ्याला जुनं शिवमंदिर आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते. एका वर्षी आईसोबत गेलो तर ती प्रत्येक बांगडीवाल्याला एकच विचारत होती, "लाखेच्या आहेत का हो?" सगळीकडे काच, नाहीतर प्लास्टिक. आई वैतागली, मला मात्र किडा चावला.

घरी येऊन रसेल आणि हिरालाल यांचा १९१६ चा ग्रंथ उघडला. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार जाडजूड खंड! त्यात लखेरा, म्हणजे लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांवर वेगळं टिपण आहे. काचेच्या देखण्या बांगड्यांनी त्यांचा धंदा बसवला, असं तेव्हाच लिहून ठेवलंय. म्हणजे आईला शंभर वर्षं उशीर झाला होता...

खरं तर कच्चा माल दारात. आमच्याकडे पळस भरपूर, आणि लाखेचा किडा पळसावर पोसतो. लाख निखाऱ्यावर तापवली की मऊ होते. तिची वळी करायची, रंग चढवायचा, गोल वळवायची. आणि बांगडी मापात बसली नाही तर? पुन्हा तापवा, मनगटाएवढी करा! शेगडी घेऊन जत्रेत बसलेला कारागीर गिऱ्हाईकासमोर 'कस्टमायझेशन' करून देऊ शकतो. आम्ही त्याचे वेगळे पैसे लावतो.

तरी काच जिंकली. चमक तर होतीच, पण १८८० च्या दशकात गोंदियातून रेल्वेही धावू लागली होती. लांबचा माल बाजारात यायला तिचा हात असणार, असा आपला माझा अंदाज.

असो. आईने शेवटी घासाघीस करून डझनभर हिरव्या काचेच्या घेतल्या. घरी पोचेपर्यंत दोन फुटल्या.